संगणकाची कार्यप्रणाली आणि मराठी अक्षर

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



शताब्दीच्या व्याख्यानमालेत मराठीच्या अध्यापकाला पाचारण केले म्हणजे तो संतवाङ्मयावर किंवा कादंबरीवर बोलेल, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. ‘संगणकाच्या कार्यप्रणाली’ हा विषय मी कळविला, तेव्हा कार्यवाहांनी दूरध्वनी करून तो पुन्हा एकदा विचारून घेतला. मी संगणकशास्त्राचा जाणकार नव्हे. मराठी शिकविणारा माणूस आहे. परंतु गेल्या चाळीस वर्षांत मराठी अक्षराचे जे बरेवाईट झाले, ते संमेलनांच्या मांडवांपेक्षा या कार्यप्रणालींच्या पोटात अधिक झाले, अशी माझी समजूत आहे. ज्या संस्थेने शंभर वर्षे मराठी अक्षर सांभाळले, तिच्या व्यासपीठावर ही हकीकत सांगितली जावी, असे मला वाटले.

मी येतो तो दादरा-नगर हवेलीतील मसाटहून. सिल्वासाजवळचे हे गाव आता औद्योगिक वसाहतीमुळे ओळखले जाते. १९५४ च्या ऑगस्टात पोर्तुगीज अमलातून हा मुलूख सुटला. त्या लढ्यात सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे यांच्यासारखी मराठी मंडळी होती, हे आपणांस ठाऊक आहेच. २०२० पासून दमण-दीवसह आमचा एकच केंद्रशासित प्रदेश झाला आहे. आमच्याकडे वारली, कोकणा, गुजराती, मराठी, हिंदी अशा बोली आणि भाषा एकाच बाजारात ऐकू येतात. मराठी आडनाव गुजराती लिपीत आणि गुजराती आडनाव देवनागरीत लिहिलेले अर्ज आम्ही नित्य पाहतो. त्यामुळे अक्षर आणि लिपी यांचा विचार मसाटच्या माणसाला जरा अधिकच करावा लागतो. पुढे एका ठिकाणी मला याचा उपयोग होणार आहे.

प्रथम, कार्यप्रणाली म्हणजे काय? ग्रंथालयात बसून हे सांगणे सोपे आहे. वाचक देवघेवीच्या टेबलाशी येतो आणि पुस्तकाचे नाव सांगतो. ते कोणत्या कपाटात, कितव्या फळीवर आहे, त्याचा दाखल क्रमांक काय, कोणी नेले आहे का, यांतले काही त्याला ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याची गरजही नसते. ग्रंथपाल ते पाहतो. संगणकातील कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, हेच काम करते. लेखनाची, हिशेबाची, चित्रांची आज्ञावली तिच्याकडे मागणी करते. डिस्कवर कोठे काय ठेवले आहे, स्मृतीतील कोणती जागा मोकळी आहे, कळफलकावरची कोणती कळ दाबली गेली, पडद्यावर काय उमटवायचे, हे सारे ती पाहते. आता अशी कल्पना करा, की ग्रंथपाल अत्यंत कार्यक्षम आहे, पण त्याला देवनागरी वाचता येत नाही. त्या ग्रंथालयात मराठी पुस्तकांचे काय होईल? संगणकाच्या बाबतीत जवळजवळ वीस वर्षे हीच अवस्था होती.

घरगुती किंवा वैयक्तिक संगणकाची पहिली मोठी कार्यप्रणाली म्हणजे ‘सीपी/एम’. गॅरी किल्डॉल या अमेरिकन प्राध्यापकाने ती १९७४ साली रचली. निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर एकच आज्ञावली चालावी, हा तिचा मोठा गुण. १९८० साली आयबीएम कंपनीने स्वतःचा लहान संगणक काढण्याचे ठरविले आणि ती किल्डॉलकडे गेली. बोलणी जुळली नाहीत. ती का जुळली नाहीत याच्या अनेक दंतकथा आहेत, त्यांत मी शिरत नाही. मायक्रोसॉफ्टने सिॲटल येथील एका छोट्या कंपनीत टिम पॅटरसन यांनी लिहिलेली ‘८६-डॉस’ ही प्रणाली विकत घेतली, थोडीफार सुधारली आणि आयबीएमला दिली. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमचा पीसी बाजारात आला. मायक्रोसॉफ्टने एक धूर्तपणा केला होता: हीच प्रणाली इतरांना विकण्याचा हक्क स्वतःकडे ठेवला होता. आयबीएमसारखी यंत्रे पुढे शेकडो कंपन्यांनी बनविली आणि त्या सर्वांवर ‘एमएस-डॉस’ जाऊन बसली. १९८४ च्या नोव्हेंबरात भारत सरकारने नवे संगणक धोरण जाहीर करून आयातीची बंधने सैल केली. त्यानंतर आपल्याकडच्या बँकांत, कारखान्यांत आणि महाविद्यालयांत जो संगणक दिसू लागला, तो हाच.

या डॉसमध्ये अक्षराला काय स्थान होते? संगणक अक्षर ओळखत नाही, तो आकडा ओळखतो. कोणत्या आकड्याचा कोणता अर्थ, हे माणसांनी ठरवावे लागते. अमेरिकन प्रमाण संकेतात १२८ आकडे होते. इंग्रजी लिपी, अंक आणि विरामचिन्हे त्यांत आरामात मावली. आयबीएमने ते वाढवून २५६ केले आणि उरलेल्या जागी युरोपीय अक्षरे, चौकटी काढण्याच्या रेघा, काही गणिती चिन्हे भरली. पडद्यावर २५ ओळी, दर ओळीत ८० चौकोन, दर चौकोनात एक अक्षर. रंगीत पडद्याच्या पहिल्या कार्डावर हा चौकोन ८ ठिपके रुंद आणि ८ ठिपके उंच होता. त्यात ‘ए’ बसतो, ‘बी’ बसतो. ‘राष्ट्र’ या शब्दातील जोडाक्षर त्यात बसवून पाहा! रफार वर, उकार खाली, वेलांटी डावीकडे, काना उजवीकडे. आपले अक्षर चारी दिशांना हातपाय पसरणारे. फायलीचे नावसुद्धा आठ इंग्रजी अक्षरांचे आणि त्याला तीन अक्षरांचे शेपूट. ‘अहवाल’ नावाची फाईल तेथे असूच शकत नव्हती.

येथे थोडे मागे जाणे अवश्य आहे, कारण हा पेच संगणकाने प्रथम निर्माण केलेला नाही. शिशाच्या खिळ्यांच्या काळातही देवनागरीच्या जुळाऱ्यापुढे शेकडो खाने असत आणि इंग्रजीच्या जुळाऱ्याचे काम त्या मानाने किती सुटसुटीत, अशी तक्रार होती. मग टंकलेखनयंत्र आले आणि कळांची संख्या आणखी आखडली. त्यामुळे लिपीच सुधारावी, असा विचार आपल्या थोरामोठ्यांनी केला. सावरकरांनी ‘अ’ ला वेलांट्या आणि उकार जोडून इ-ई, उ-ऊ लिहिण्याचा पुरस्कार केला. १९५३ साली लखनौ येथे भरलेल्या देवनागरी सुधारणा परिषदेत तर ऱ्हस्व वेलांटीसुद्धा अक्षराच्या उजवीकडेच, आखूड दांड्याने काढावी, अशी सूचना स्वीकारली गेली. ती समाजाने स्वीकारली नाही आणि काही वर्षांतच ती मागे पडली. या मंडळींचा हेतू शुद्ध होता, यात शंका नाही. परंतु सर्व सुधारणांचे गृहीतक एकच होते: यंत्र बदलणार नाही, तेव्हा लिपीने बदलावे. हे गृहीतक चुकीचे ठरविण्याचे काम कार्यप्रणालींच्या इतिहासात झाले, आणि त्याचा बराचसा भाग कानपूर, पुणे आणि मुंबई येथे झाला.

१९८० च्या दशकाच्या आरंभी कानपूरच्या आयआयटीमध्ये प्रा. आर. एम. के. सिन्हा आणि त्यांचे सहकारी भारतीय लिप्यांच्या संगणकीकरणावर काम करीत होते. मोहन तांबे हे त्यांतील एक. १९८८ साली विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे ‘सी-डॅक’, स्थापन झाले. ‘परम’ महासंगणकाच्या यशाने या संस्थेचे नाव घरोघरी पोहोचले. तांबे आणि त्यांचे तंत्रज्ञान त्याच संस्थेत आले, आणि तेथून ‘जिस्ट कार्ड’ बाहेर पडले. माझ्या मते सामान्य मराठी माणसाच्या दृष्टीने ‘परम’इतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व या कार्डाला आहे.

जिस्ट कार्ड म्हणजे संगणकाच्या पोटातील खाचेत बसवावयाची एक विद्युत्-पट्टी. डॉस आणि पडदा यांच्या मध्ये ती उभी राही. डॉसला वाटे, आपण नेहमीप्रमाणे आकडे पाठवीत आहोत. ते आकडे मध्येच उचलून, जोडाक्षरे जुळवून, वेलांट्या योग्य जागी नेऊन, देवनागरी किंवा अन्य भारतीय लिपी पडद्यावर उमटविण्याचे काम कार्ड करी. त्यामुळे ज्या आज्ञावल्या इंग्रजीसाठी लिहिल्या होत्या, त्याच ‘वर्डस्टार’मध्ये मराठी पत्र लिहिता येऊ लागले आणि ‘डीबेस’मध्ये मराठी नावांची यादी करता येऊ लागली. देवनागरी न जाणणाऱ्या ग्रंथपालाशेजारी एक दुभाषा आणून बसविला, असे म्हणा. दुभाष्याचे वेतन मात्र वेगळे द्यावे लागे. दर यंत्रामागे एक कार्ड घेणे साऱ्या संस्थांना परवडणारे नव्हते.

या कार्डाच्या मागे जो संकेत होता, तो मला त्याहून मोलाचा वाटतो. ‘इस्की’ असे त्याचे नाव. भारतीय मानक संस्थेने १९९१ साली तो प्रमाण म्हणून स्वीकारला. त्यात इंग्रजीचे १२८ आकडे जसेच्या तसे ठेवून वरचे आकडे भारतीय वर्णांना दिले होते. वर्णांना म्हणजे उच्चाराच्या घटकांना; आकारांना नव्हे. ‘क’ चा आकडा १७९. तो देवनागरी ‘क’ चाही, गुजराती ‘क’ चाही आणि तमिळ ‘क’ चाही. लिपी कोणती, हे सांगणारी एक वेगळी खूण असे. ती बदलली की तोच मजकूर दुसऱ्या लिपीत उभा राही. आमच्या सिल्वासाकडच्या माणसाला या सोयीचे अप्रूप किती वाटले असेल, याची कल्पना आपण करू शकाल. पाणिनीच्या परंपरेत वाढलेल्या देशाने वर्णमालेकडे पाहण्याची आपली दृष्टी यंत्राला शिकविली, ती येथे. जोडाक्षरांसाठी वेगळे आकडे नाहीतच. क, हलन्त, ष: एवढे दिले की ‘क्ष’ उमटविण्याची जबाबदारी यंत्राची.

तीच दृष्टी ‘इनस्क्रिप्ट’ या कळफलकात आहे. डाव्या हाताकडे स्वर आणि मात्रा, उजव्या हाताकडे व्यंजने. अल्पप्राण कळ दाबताच आणि महाप्राण शिफ्टसह. ‘क’ च्याच कळीवर ‘ख’, ‘ल’ च्या कळीवर ‘ळ’. टंकलेखनयंत्रावर बोटे घडलेल्या मंडळींना तो रुचला नाही आणि इंग्रजी स्पेलिंगने मराठी लिहिणाऱ्या आजच्या पिढीला तो ठाऊक नाही. मी माझ्या विद्यार्थ्यांना तो आवर्जून शिकवितो. वर्णमाला पाठ असलेल्या मुलाला आठवडाभर पुरतो.

यानंतरचे दशक म्हणजे १९९० चे. ते सुबत्तेचे खरे, पण गोंधळाचेही. १९८४ साली ॲपलच्या मॅकिन्टॉशने चौकोनांचा पडदा मोडीत काढून ठिपक्यांचा पडदा सामान्य माणसापुढे आणला होता. त्यावर कोणतेही चित्र, म्हणून कोणत्याही आकाराचे अक्षर, काढता येई. मायक्रोसॉफ्टची ‘विंडोज’ १९८५ साली निघाली, १९९० च्या तिसऱ्या आवृत्तीने रुजली आणि १९९५ च्या आवृत्तीने घरोघरी गेली. आता कार्डाची गरज उरली नाही. देवनागरीचा फॉन्ट तयार केला की झाले! आणि फॉन्ट तयार झाले. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी, आकृती, सी-डॅकची आयएसएम प्रणाली आणि तिचे फॉन्ट, यांवर मराठी वृत्तपत्रे, दिवाळी अंक, लग्नपत्रिका आणि शासकीय परिपत्रके उभी राहिली. मुद्रण स्वस्त झाले, सुबक झाले. या कामाचे ऋण मान्य केलेच पाहिजे.

परंतु या फॉन्टांच्या पोटात काय होते? विंडोजला अजूनही मराठी येत नव्हते. तिला वाटे, माणूस इंग्रजीच लिहीत आहे. इंग्रजी ‘के’ च्या जागी कोणी अर्धा ‘क’ बसवी, कोणी काना, कोणी आणखी काही. देवनागरीचे तुकडे करून दोनशेच्या आसपास खान्यांत भरलेले. जणू शिशाच्या खिळ्यांची पेटीच पुन्हा उघडली. दर कंपनीची पेटी निराळी. एकीच्या फॉन्टात लिहिलेले दुसरीच्या फॉन्टात उघडले की इंग्रजी अक्षरे, डॉलरच्या खुणा, कंस आणि उद्गारचिन्हे यांची खिचडी दिसे. डोळ्यांना मराठी, यंत्राला इंग्रजी कचरा! ऱ्हस्व वेलांटी टंकलेखनयंत्राप्रमाणे अक्षराच्या आधी ठोकावी लागे, म्हणजे ‘कि’ चा क्रम यंत्रात ‘वेलांटी, मग क’ असा साठे. इस्कीने वर्णांचा जो विचार केला होता, तो येथे बाजूला पडला आणि पुन्हा आकारांचा व्यवहार सुरू झाला.

याचे परिणाम मुद्रित पानावर दिसत नाहीत, म्हणून ते आपल्याला कळले नाहीत. ग्रंथालयाला मात्र ते तत्काळ जाणवतात. अशा फॉन्टात केलेली ग्रंथसूची अकारविल्हे लावता येत नाही, कारण यंत्र इंग्रजी क्रम लावते. लेखकाचे नाव शोधता येत नाही. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या १९९८ सालच्या वार्षिकांकाची तबकडी माझ्या हाती आली. तबकडी शाबूत होती, फाईल उघडत होती, एकही अक्षर नष्ट झालेले नव्हते. आणि तरी एक शब्द वाचता येत नव्हता. तो फॉन्ट कोणाकडे उरला नव्हता. त्याच अंकाची छापील प्रत मात्र वाळवी न लागता कपाटात उभी होती. शेवटी ती प्रत समोर ठेवून दोन मुलींनी सारा अंक पुन्हा टंकित केला. त्यात त्यांची दिवाळीची सुट्टी गेली.

गोंधळाच्या याच वर्षांत दुसरीकडे एक शांत काम चालू होते. जगातील सर्व लिप्यांना एकाच कोष्टकात स्वतंत्र आकडे देणारा ‘युनिकोड’ हा संकेत १९९१ साली प्रसिद्ध झाला. त्यातील देवनागरीचा विभाग इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर बेतलेला आहे. म्हणजे कानपूर-पुण्याची वर्णदृष्टी वाया गेली नाही. ती जागतिक कोष्टकात गेली. मात्र तेथे प्रत्येक लिपीला वेगळे घर मिळाले. देवनागरी ‘क’ चा आकडा २३२५, गुजराती ‘क’ चा २७०९. दोहोंतील अंतर ३८४. आणि गंमत अशी, की ‘ख’, ‘ग’, ‘घ’ घ्या, अंतर तेवढेच! शेजारची दोन घरे एकाच नकाशावर बांधलेली. देवनागरी नावाच्या दर आकड्यात ३८४ मिळविले की ते नाव गुजराती लिपीत उभे राहते. आमच्याकडच्या याद्यांच्या कामात ही युक्ती फार उपयोगी पडते.

पण कोष्टक असून भागत नाही. कार्यप्रणालीने ते अंगी बाणवावे लागते. येथे विंडोजच्या दोन घराण्यांतील भेद ध्यानात घ्यावा लागतो. घरोघरी असलेली विंडोज ९५ आणि ९८ ही डॉसच्या वंशातली. १९९३ साली निघालेली ‘विंडोज एनटी’ ही निराळ्या पायावर उभारलेली, कार्यालयांसाठीची. ती आतून युनिकोडवरच चालत होती. तिची वंशज विंडोज २००० ही फेब्रुवारी २००० मध्ये आली आणि तिच्यासोबत देवनागरी व तमिळ या लिप्या प्रथमच विंडोजच्या मूळ अंगात आल्या. वर्ण एका क्रमाने साठवायचे आणि आकार दुसऱ्या क्रमाने मांडायचे, हे काम करणारा एक घटक तिच्यात होता. ‘क’ नंतर ऱ्हस्व वेलांटी असे साठवा. पडद्यावर वेलांटी आपोआप डावीकडे जाईल. १९५३ च्या लखनौ परिषदेने जी अडचण सोडविण्यासाठी वेलांटीची बाजू बदलू पाहिली होती, ती अडचण अशा रीतीने लिपीच्या केसालाही धक्का न लावता सुटली. ‘राष्ट्र’ सुटला, ‘उद्ध्वस्त’ सुटला, ‘ज्योत्स्ना’ सुटली.

आणि या नव्या अक्षराला रूप कोणी दिले? विंडोजबरोबर आलेला देवनागरीचा फॉन्ट ‘मंगल’. तो मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात र. कृ. जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली घडला. र. कृ. म्हणजे लघुनियतकालिकांच्या चळवळीतले प्रयोगशील कवी, सुलेखनकार, आयआयटी मुंबईत अक्षरकला शिकविणारे. त्यांची चित्रमय कविता आपल्यापैकी जुन्या वाचकांनी पाहिली असेल. विंडोज एक्सपीने २००१ साली गुजरातीला प्रवेश दिला, तेव्हा तिच्याबरोबर आलेला ‘श्रुती’ हा फॉन्टही त्यांच्याच देखरेखीखाली तयार झालेला. एका मराठी कवीच्या हाताखालून गेलेली ही वळणे पुढे कितीतरी वर्षे कोट्यवधी पडद्यांवर वाचली गेली. वाचणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना त्यांचे नाव ठाऊक होते. २००८ साली ते गेले. मराठी विभागांच्या अभ्यासक्रमात त्यांच्या कवितेचा क्वचित उल्लेख येतो, या कामाचा येत नाही. तो यावा, असे मला फार वाटते.

दार उघडले, तरी उंबरठा उंचच होता. एक्सपीमध्ये देवनागरी आपोआप चालू नसे. नियंत्रणकक्षात जाऊन संयुक्ताक्षरी लिप्यांच्या पुढच्या चौकटीत खूण करावी लागे, आणि मग यंत्र मूळ तबकडी मागे. ती बहुतेकांकडे नसेच! त्यामुळे अनेकांनी जुन्या फॉन्टांवरच काम चालू ठेवले. २००७ साली आलेल्या ‘व्हिस्टा’पासून ही कटकट संपली.

आता आपल्या भाषेच्या काही खास अडचणी. देवनागरी आली म्हणजे मराठी आली असे नाही. देवनागरीच्या दारात हिंदी पुढे उभी असते. ‘आचार्यांना वाढा’ आणि ‘आचाऱ्यांना वाढा’ या दोन वाक्यांत पंगतीतला मान निराळा आहे. ‘दर्या’ खवळतो, ‘दऱ्या’ खवळत नाहीत. हा भेद दाखविणारा अर्धा ‘र’ हिंदीला लागत नाही. म्हणून हिंदीपुरता विचार करणाऱ्या यंत्रणेत तो राहून जाण्याची भीती होती. तो राहिला नाही, कारण इस्कीत आणि पुढे युनिकोडमध्ये ‘र’ च्या शेजारी ‘ऱ’ ला स्वतःचा आकडा मिळाला होता. ‘र’ ला हलन्त दिला की रफार होतो, ‘ऱ’ ला दिला की आपला ‘ऱ्या’ मधला अर्धा र. इनस्क्रिप्ट कळफलकावर दोघांची कळ एकच आहे, शिफ्टचा तेवढा फरक.

‘ॲ’ ची कथा अधिक लांबली. हिंदीत ‘ए’ वर चंद्र देतात, आपण ‘अ’ वर देतो. हिंदी रूपाला आरंभीपासून आकडा होता. मराठी रूपाला तो २००८ साली मिळाला. तोवर आपण ‘अ’ लिहून पुढे चंद्राची मात्रा जोडत असू, आणि अनेक जण अजूनही तसेच करतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. यंत्राच्या लेखी ते वेगळे शब्द आहेत. आपल्या सूचीत ‘ॲरिस्टॉटल’ निम्मे एका पद्धतीने आणि निम्मे दुसऱ्या पद्धतीने लिहिले गेले असतील, तर शोधणाऱ्याला निम्मीच पुस्तके सापडतील. ‘ळ’ चे असेच. कोष्टकात तो ‘ल’ च्या पाठीशी बसला आहे. आपल्या वर्णमालेत तो ‘ह’ च्या नंतर येतो. त्यामुळे कोष्टकाच्या क्रमाने लावलेली यादी आपल्या अकारविल्हेशी पूर्ण जुळत नाही. मराठीचा क्रम सांगणारा वेगळा नियम कार्यप्रणालीला द्यावा लागतो. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे निराळी आहेत. राज्य शासनाने २००९ च्या नोव्हेंबरात वर्णमालेविषयी निर्णय काढून त्यांचा आग्रह धरला. फॉन्ट करणाऱ्यांनी तो सर्वत्र पाळला आहे, असे म्हणवत नाही. शाळेच्या फळ्यावर एक ‘ल’ आणि पडद्यावर दुसरा, असे चित्र आजही दिसते.

विंडोज आणि मॅक यांखेरीज तिसरी एक वाट आहे. १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टॉरवल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने ‘लिनक्स’चा गाभा लिहिला आणि तो सर्वांना उघडा करून दिला. ज्याला वाचता येते त्याने वाचावा, बदलावा, वाटावा. वारीत जशी कोणी दिंडीचे पाणी वाहतो, कोणी पाल ठोकतो, तसे हे काम जगभर चालते. मराठीचे यात विशेष हित झाले. कोणत्याही कंपनीला मराठीत नफा दिसो वा न दिसो, स्वयंसेवकांनी लिनक्सवरील पडद्यांचे शब्द मराठीत आणले. ‘फाईल’ला ‘फाईल’च म्हणावे की ‘संचिका’, यावर त्यांच्यात वादही झाले; मी ‘फाईल’च्या बाजूचा. २००७ साली सी-डॅकने ‘बॉस’ ही भारतीय भाषांसाठीची लिनक्स प्रणाली काढली, तीत मराठी आहे. लहान ग्रंथालयांना ती फुकट घेता येते, जुन्या यंत्रावर चालविता येते. तरीही ती फारशी घेतली जात नाही. गावात दुरुस्तीला येणारा मुलगा विंडोजच जाणतो, हे त्याचे साधे कारण आहे.

आज आपल्या खिशातला दूरध्वनीही युनिकोड जाणतो आणि नातवंडे आजीला मराठीत निरोप पाठवितात. मग काम संपले असे वाटते. पण १९९० ते २०१० या वीस वर्षांत मराठीत जे टंकित झाले, त्यातला फार मोठा भाग त्या निरनिराळ्या पेट्यांत अडकून पडला आहे: नियतकालिके, इतिवृत्ते, जिल्ह्याजिल्ह्यांच्या स्मरणिका, दिवंगत लेखकांची अप्रकाशित हस्तलिखिते. १८९० चा अंक आपण वाचू शकतो. १९९६ ची फाईल वाचू शकत नाही. परिवर्तक आज्ञावल्या उपलब्ध आहेत, पण कोणता मजकूर कोणत्या फॉन्टातला आहे हे ठाऊक असेल तरच त्या चालतात, आणि हे जाणणारे डीटीपीचालक आता निवृत्त होत आहेत. अशा मंडळींपैकी कोणी आपल्या सभासदांत असतील, तर त्यांना ग्रंथालयाने या वर्षी बोलावून घ्यावे. जुन्या तबकड्यांवर फॉन्टाचे नाव पेन्सिलीने लिहून ठेवले, तरी पुढचे निम्मे काम होईल.

एक विनंती या शताब्दी ग्रंथापुरती. अनेक मुद्रणालयांत आजही जुन्या फॉन्टांतच जुळणी होते. सुबक छपाईला त्याने काही बाध येत नाही. कार्यवाहांनी मुद्रकाकडून छापील प्रतींबरोबर संपूर्ण ग्रंथाची युनिकोडमधील फाईलही मागून घ्यावी, आणि देयक चुकते करण्यापूर्वी ती ग्रंथालयाच्या संगणकावर उघडून एक शब्द शोधून पाहावा. तो शब्द या भाषणात आहेच: ‘आचाऱ्यांना’. तो सापडला तर फाईल ठेवून घ्यावी. न सापडला तर मुद्रकाला परत बोलवावे.